या कादंबरीत समुद्र नाही

अभिजात साहित्य माणसाला उन्नत करतं. हे वाक्य आमच्या मराठी विभागाच्या दारावर सोनेरी अक्षरांत होतं. त्या दारात मी एका सोमवारी पाऊण तास उभी होते. आत चार खुर्च्या रिकाम्या होत्या. मला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

विभागप्रमुख सर टेबलाशी पोहे खात होते. शेजारी नव्याने लागलेल्या मॅडम, पुढ्यात आमच्या एम. ए.च्या निबंधांचा गठ्ठा घेऊन. सरांनी शेवटचा घास घेतला, बशी सारली, रुमालाने एकेक बोट पुसलं. मग गठ्ठ्यातून माझा निबंध काढला. चिमटीत धरून. ओला असल्यासारखा.

"हे कोणी लिहिलं?"

"मी, सर."

"वर नाव तुझंच आहे, ते दिसतंय मला. लिहिलं कोणी?"

"मीच."

"मोबाईलवर मिळतं ना आता सगळं? प्रश्न टाकला की खाली उत्तर."

"चांगला मोबाईल घरात एकच आहे सर. तो भावाकडे असतो."

सर मॅडमकडे बघून हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण मान खाली घातली. ते मला हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

"मग लिहून दिलंय कोणीतरी," सर म्हणाले. आणि आवाज खाली घेऊन, "तुमच्याकडे असं मराठी येतं तरी कुणाला?"

मी निफाडजवळच्या गावातून यायचे. आधी वाटलं, तिकडचं म्हणताहेत. पण निफाडचं नाव घ्यायला कुणी आवाज खाली घेत नाही. सर आमच्या वस्तीबद्दल बोलत होते. आमच्या आडनावाबद्दल. आई दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत विरळणीला, घडांतले जास्तीचे मणी काढायला जाते, त्याबद्दल. आवाज खाली घेतला की ते सभ्य होतं, अशी त्यांची समजूत होती.

निबंध एका जुन्या, मान्यवर कादंबरीवर होता. कादंबरी माळरानावरच्या एका गावाची. पाऊस नाही, नदी कोरडी, शहरातून एक तरुण डॉक्टर बायकोला घेऊन तिथे राहायला येतो. विषय होता, 'नायिकेचे स्वभावचित्रण'. नायिका म्हणजे डॉक्टरची बायको. तिला त्यागमूर्ती म्हणायचं असतं. का, हे विचारायचं नसतं.

वर्गात आम्ही एकतीस जण. तीस जणांनी तिला त्यागमूर्ती म्हटलं, आणि तेही एकाच शब्दांत, एकाच क्रमाने. कारण ते सगळं सरांच्या गाईडमध्ये होतं. पिवळ्या कव्हरचं गाईड, सातवी आवृत्ती. सर वर्गात सांगायचे, संदर्भग्रंथ वाचा. यादीत संदर्भग्रंथ एकच होता. गाईडमधलं उतरवलं की निबंध तुमचा स्वतःचा. नाही उतरवलं की चोरलेला. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण विभाग त्यावरच चालत होता.

मी काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. पहिल्या वर्षी मीही उतरवलं होतं. वीसपैकी सोळा पडले होते. तेव्हा सरांना माझं मराठी खटकलं नव्हतं.

या वेळी काय झालं, तर दुकानात गाईड संपलं होतं, म्हणून मी ग्रंथालयातून कादंबरीच घेतली. मागच्या चिठ्ठीवर तारखेचा शेवटचा शिक्का मी पाचवीत असतानाचा होता. निफाड ते नाशिक, नाशिक ते निफाड, एसटीत नऊ दिवसांत वाचून काढली. आणि मला त्यात एक बाई सापडली. गाईडमध्ये ती नाही. डॉक्टरच्या घरी पाणी भरणारी. दुष्काळ वाढतो तेव्हा नायिका आपल्या अंघोळीचं पाणी गावाला देते, त्यावर लेखकाने तीन पानं खर्च केली आहेत. त्या पाण्यासाठी ही बाई रोज दोन कोस जाऊन येते, त्याला एक वाक्य. मी मोजून बघितलं. एकच.

मी लिहिलं, त्याग नायिकेचा आहे, पाणी मात्र दुसरीनं आणलेलं आहे. लेखकाला हे माहीत असावं, नाहीतर त्याने ते एक वाक्यही ठेवलं नसतं. एवढंच. फार मोठं काही नव्हतं. माझी आई त्या बाईच्या जागी रोज असते, म्हणून मला ती दिसली. सर तिच्या जागी कधी नव्हते, म्हणून त्यांना दिसली नाही. यात बुद्धीचा प्रश्न येत नाही.

दुसऱ्या दिवशी सर तो निबंध घेऊन वर्गात आले. म्हणाले, "आज आपण एका थोर समीक्षकाचं लेखन ऐकू." आणि वाचायला लागले. हात हलवून, मान हलवून.

"त्याग नायिकेचा हाय, पानी मातुर दुसरीनं आनल्यालं हाय."

मी 'आहे' लिहिलं होतं. सरांनी 'हाय' वाचलं. वर्ग हसला. हसणाऱ्यांत घरी 'हाय' म्हणणारेच जास्त होते.

मागून एकजण मला म्हणाला, "मॅडम, नळ आला का गावाला?" पुन्हा हसले. सरांनी त्याला गप्प केलं नाही. थोडा वेळ हसू दिलं, मग निबंध बंद करून माझ्याकडे न बघता म्हणाले, "शुक्रवारपर्यंत माफीनामा. निबंध माझा नाही, चूक झाली, संदर्भग्रंथ पाहून पुन्हा लिहीन. नाहीतर अंतर्गत गुण शून्य."

अंतर्गत गुणांत वेगळं पास व्हावं लागतं. शून्य म्हणजे वर्ष गेलं. वर्ष गेलं म्हणजे शिक्षण गेलं, कारण आमच्याकडे दुसरं वर्ष मिळत नाही. लग्न मिळतं.

माझ्या बाकावर देवळ्याची वैशाली बसायची. चिडली की तिच्या बोलण्यात घरची अहिराणी यायची. ती म्हणाली, "लिखी टाक ना माय. तुनं काय जास?"

"मी चोरी केलेली नाही."

"मी करेल शे. आम्ही सगळ्यांनी करेल शे. आम्हाले कोण बोलस का?"

तिचं खरं होतं. मी घरी गेले. आई बागेतून आली होती, अंगणात विरळणीची कात्री धूत होती. मी सगळं सांगितलं. म्हटलं, सही करून टाकते, एक कागद तर आहे.

आईने वर न बघता विचारलं, "तूच लिव्हलं ना?"

"हा."

"मंग माफी कशाची मागती?"

"वर्ष जाईल."

"मला काय विचारती मंग? मी सांगितलं तरी तू लिव्हायचं तेच लिव्हशील."

आणि कात्री पुसून आत गेली. थोर माता वगैरे काही झालं नाही. तिला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बागेत पोहोचायचं होतं.

गुरुवारी कॉलेजातून घरी जाताना मी वैशालीचं गाईड घेऊन एसटीत बसले. ठरवलं होतं, माफीनामा द्यायचा. निदान नवा निबंध कशातून उतरवायचा ते तरी बघून ठेवू. चांदोरीच्या पुढे नायिकेवरचं प्रकरण उघडलं. त्यागमूर्ती. सोशिक. तेजस्वी. मग त्यागाचा कळस म्हणून एक प्रसंग. नायिका समुद्रकिनारी उभी आहे, सूर्य बुडतोय, लाटांनी तिची पावलं भिजताहेत, आणि ती अंगावरचे दागिने काढून नवऱ्याच्या हाती देते.

मी तो उतारा परत वाचला. मग पिशवीतून कादंबरी काढली आणि चाळली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. माळ आहे. खडक आहे. कोरडी नदी आहे. एक विहीर आहे, तिलाही पाणी नाही. दागिने नायिका घरातच काढते, चुलीपुढे बसून. समुद्र कुठेही नाही.

सरांचं दुसऱ्या एका कादंबरीवरही गाईड होतं. त्यातलं पान छापखान्यात इकडे आलं असावं. कुठल्या आवृत्तीत आलं कोण जाणे. पण त्या गाईडवरून लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाने नायिका समुद्रात उभी केली होती आणि सरांनी प्रत्येकाला बरोबरची खूण दिली होती. इतकी माणसं, इतके निबंध, आणि पाय भिजल्याचं कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

एसटीत मी मोठ्याने हसले. शेजारच्या मावशींनी पिशवी जवळ ओढून घेतली. हसू थांबल्यावर मात्र राग आला. सोमवारपासून मला लाज वाटत होती. आपल्याला साहित्य कळत नसेल, असं खरंच वाटायला लागलं होतं. आणि ज्या माणसापुढे मला लाज वाटत होती त्याने ती कादंबरी वाचलेलीच नव्हती.

शुक्रवारी विभागात सर होते, मॅडम होत्या. सरांनी कोरा कागद पुढे सरकवला.

"लिही. मी असे लिहून देते की."

मी टेबलाशी वाकून उभ्याने लिहिलं. मी असे लिहून देते की या कादंबरीत समुद्र नाही. खाली सही केली, तारीख घातली, कागद फिरवून त्यांच्यासमोर ठेवला.

सरांनी दोनदा वाचलं. "याचा इथे काय संबंध?"

"गठ्ठ्यात बघा सर. तीस निबंधांत समुद्र आहे. तुमची बरोबरची खूण पण आहे."

मॅडमनी गठ्ठा ओढला. एक पान उलटलं. दुसरा निबंध. तिसरा. चौथ्यानंतर त्यांनी हात काढून घेतला आणि हळूच म्हणाल्या, "सर, मीही बरोबर दिलंय."

सरांच्या कपाळावर घाम आला नाही. अशी माणसं घामेजत नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "समुद्र प्रतीकात्मक आहे."

"लाटा आहेत सर. पाय भिजलेत तिचे."

मॅडमना खोकला आला.

"तोंड सांभाळून बोल," सर म्हणाले. "दोन पुस्तकं वाचली की तुम्हा लोकांना फार कळायला लागतं."

तुम्हा लोकांना. या वेळी आवाजसुद्धा खाली घेतला नव्हता. मी खुर्ची ओढली आणि बसले.

"माफीनामा मी देणार नाही," मी म्हटलं. "निबंध माझा आहे. पटत नसेल तर आत्ता विचारा. कुठलंही पान काढा, कुठलंही पात्र काढा. मी सांगते. मॅडमना लिहून घेऊ द्या."

कादंबरी मी टेबलावर ठेवली. सरांनी तिच्याकडे बघितलं. उचलली नाही. मी वाट बघितली. सर काही विचारेनात. कशाला विचारतील? प्रश्न विचारायला पुस्तक वाचलेलं असावं लागतं.

शेवटी म्हणाले, "जा तू."

मला वीसपैकी आठ दिले. पास व्हायला लागतात तेवढेच. मॅडमनी त्यांना भाग पाडलं की त्यांनाच बोभाटा नको होता, मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. निबंधावर लाल शाईत शेरा होता, 'भाषा उसनी'. समुद्रवाल्यांना चौदा ते अठरा मिळाले. त्यांतले बरेच नंतर माझ्याशी बोलेनासे झाले. वैशाली स्पष्ट म्हणाली, "तुझ्या शहाणपणात आमचे मार्क गेले असते ना!" तिचंही खरं होतं. मी तिची समजूत काढली नाही.

पुढच्या वर्षी गाईडची आठवी आवृत्ती निघाली. समुद्र तसाच ठेवला होता, आणि त्याच्या प्रतीकात्मकतेवर दीड पान नवीन घातलं होतं. सरांनी त्यावर एका चर्चासत्रात भाषणही केलं म्हणे. शाल मिळाली.

मी सेट पास झाले. आता सिन्नरकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. मला तिथे कुणी अपमान गिळलेली सोशिक मुलगी समजू नये. मी काहीही गिळलेलं नाही. सरांना मी माफ केलेलं नाही, करणार नाही. ते निवृत्त झाले तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितला. मी नाही म्हटलं, कारण विचारल्यावर कारण सांगितलं, आणि तेही लेखी.

माझ्या वर्गाला मी पहिल्याच तासाला सांगते. कुणाचंही मराठी उसनं आहे असं मी म्हणणार नाही. निबंध कुणी लिहिला हे समोर बसवून विचारीन, बाईमाणसाला, बाप्याला, पुढाऱ्याच्या पोराला, सगळ्यांना खुर्ची देऊन. ज्याने पुस्तक वाचलंय त्याने माझ्या विरुद्ध लिहिलं तरी गुण पूर्ण मिळतील. ज्याने वाचलं नाही त्याला शून्य. प्राचार्यांचा फोन आला तरी शून्य. यात बदल होणार नाही.

यंदा माझ्या पेपरला चार विद्यार्थी आहेत. त्यातल्या दोघांनी विषय बदलून मिळावा म्हणून अर्ज दिला आहे.