ढालीवरच्या दिव्याचं तोंड

सांगलीला तपासायला धाडलेलं देवळाचं कापड परत आलं, तेव्हा लढाई चालू होती आणि साताऱ्यात रॉकेल मिळेनासं झालं होतं. कापडाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली: ‘चिन्ह उलटे आहे. पुन्हा करावे.’

हे कापड वेदीमागच्या भिंतीवर टांगायचं होतं. चर्चला आम्ही देऊळच म्हणत असू. त्याच्या मागच्या दोन खोल्यांत मंडळीचा शिवणवर्ग चाले आणि तो मी चालवत असे. मंडळीचं चिन्ह म्हणजे एक ढाल. ढालीत वर क्रूस, मध्ये उघडं पुस्तक, खाली दिवा. दिव्याची चोच उजवीकडे आणि चोचीतून ज्योत. ऐकायला सोपं वाटतं, पण गावोगाव त्याचे असे हाल झाले होते की विचारू नये. कुणी पुस्तकाची वीट केली होती, कुणी दिव्याला पाच वाती दिल्या होत्या, आणि एका ठिकाणची ढाल तर थेट वांग्यासारखी दिसे.

शांततेच्या काळात हे हसण्यावारी गेलं असतं. पण त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात तारा तुटत होत्या, रूळ उखडत होते, आणि कसल्याही शिक्क्याकडे पोलीस संशयानं बघत. इस्लामपूरच्या अलीकडे आमच्या दवाखान्याची गाडी अडवली गेली. गाडीवरचं चिन्ह वेगळं, कागदावरचं वेगळं, म्हणून गाडीवाला दोन दिवस चौकीत बसला आणि औषधं उन्हात. त्यानंतर सांगलीच्या पाळकसाहेबांनी पत्र्याचे साचे कापून घेतले आणि प्रत्येक गावी एकेक धाडला. पिशवी असो, पाटी असो, कापड असो, चिन्ह साच्याबरहुकूमच. मला हा नियम पटला होता. आजही पटतो.

म्हणून परत आलेलं कापड मी साच्याशी ताडून पाहिलं. दिव्याची चोच डावीकडे होती. म्हणजे साचा पालथा ठेवून आखलं होतं. साच्याच्या पाठीला ओळखीसाठी तांबडा रंग फासलेला होता, तेव्हा हे नजरचुकीनं होण्यासारखं नव्हतं.

आखणी करणारी बाई कडेगावाकडची. नवरा पलटणीत, ब्रह्मदेशाच्या बाजूला. त्याचं पत्र येणं कधीचं बंद झालं होतं. दिरानं तिला घराबाहेर काढली होती, म्हणून ती वर्गामागच्या खोलीत राही आणि वर्गाचंच काम करी. वर्ग सुटला तर तिला खोलीही सुटणार, आणि जायला दुसरी जागा नव्हती.

“साचा पालथा कुणी ठेवला?” मी विचारलं.

“म्या ठेवला, बाई.”

“का?”

“देवळात पूर्वेच्या भिंतीला टांगलं, की उजवी बाजू दक्षिणेला येती. वात दक्षिणेला. तसा दिवा कुणासाठी लावत्यात, तुमास्नी ठावं हाय.”

ठाऊक होतं. आमच्या आजीनं बाप्तिस्मा घेतला तरी कंदील ठेवताना ती आधी दिशा बघे. दक्षिणेला तोंड करून दिवा लावायचा तो मेलेल्यासाठी.

“तू ख्रिस्ती आहेस ना?”

“हाय की. म्हणून नवरा मारू व्हय?”

वर्गातल्या बाया हसल्या. मशीनवरची एक जण म्हणाली, “अगं, वातीनं माणूस मरत असता तर जपानला गोळ्या कशाला लागल्या असत्या?”

“तुजा मालक घरात घोरतोय,” ही म्हणाली. “तुला बोलाया काय जातंय?”

मशीन पुन्हा सुरू झालं, जरा जास्तच जोरात.

मी तिला सरळ सांगितलं. कापड पुन्हा करायचं, साचा उताणा ठेवून. पाळकसाहेब स्वतः बघायला येणार आहेत. या खेपेला चुकलं तर काम सांगलीच्या वर्गाकडे जाईल, आणि मग तुझी खोली मी राखू शकणार नाही.

तिनं नवं कापड चौकटीवर ताणलं. साचा नीट ठेवला. क्रूस भरला, पुस्तक भरलं, दिव्याचं बूड भरलं. चोचीशी आली आणि सुई खोचून उठली.

“वात न्हाई भरायची.”

“मी भरते मग.”

“तुमी भरा, न्हाईतर कोण बी भरा. ते हातानं हुत न्हाई, बाई, दिशेनं हुतंय.”

मी नारिंगी दोरा ओवला आणि ठेवून दिला. माझ्या हातून ती वात घातली गेली असती तर ती त्याच दिवशी बोचकं बांधून निघाली असती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. बाकीच्या बायाही आता हसत नव्हत्या. ज्यांची माणसं लढाईवर होती त्या माझ्याकडे बघत होत्या.

पाळकसाहेब आले ते सातारा रोड स्टेशनहून मोटारीनं, धुळीनं माखून. पाणीसुद्धा न पिता साचा घेऊन चौकटीवर ठेवला. बोटानं कडा तपासल्या. बोट चोचीपाशी थांबलं.

“ज्योत?”

मी बोलायच्या आत तीच उभी राहिली. “माज्या माणसाची खबर आल्याबिगर न्हाई घालायची, साहेब. वात दक्षिणेला येती.”

साहेबांचा चेहरा आवळला. “आपण कुणाचे लोक आहोत? भिंतीला घाबरणारे? बाई, हे काम दुसरीकडून करून घ्या. आणि हिला मोकळी करा.”

हिनं सुया खोचायची सुईपट्टी उचलून टेबलावर ठेवली. ती वर्गाची होती.

मला राग आला, आणि तो कुणाचा ते ठरवायला वेळ नव्हता. मी विचारलं, “साहेब, तुमचा नियम चिन्हाचा की भिंतीचा?”

“म्हणजे?”

“चिन्ह साच्यासारखंच राहील. पण ते पूर्वेलाच टांगावं असं तुम्ही कुठं लिहिलंय? समोरच्या भिंतीवर टांगा, दाराच्या वर. तिथं उजवी बाजू उत्तर होते.”

“मंडळीच्या पाठीमागं? लोक बघणार कधी?”

“बाहेर पडताना. आणि उपदेश करताना तुम्हाला समोर दिसेल.”

ते देवळात गेले. मी दारातून बघत होते. वेदीपाशी उभे राहून त्यांनी दोन्ही भिंती पाहिल्या. बराच वेळ लावला. मी मनात पुढची वाक्यं जुळवून ठेवली होती: हिच्याऐवजी मला काढा, वगैरे. ती वापरावी लागू नयेत अशी फार इच्छा होती, कारण मलाही घर चालवायचं होतं.

परत आल्यावर ते तिच्याशीच बोलले. “दारावर टांगू. पण साचा पालथा पुन्हा ठेवायचा नाही. पिशवीवर नाही, पाटीवर नाही, कशावर नाही. पुन्हा झालं तर बाईंनी कितीही भिंती दाखवल्या तरी ऐकणार नाही.”

“पिशवीचं काय न्हाई, साहेब. पिशवी कुटं बी तोंड करंल.”

“आणि खोली?” मी विचारलं. अशा गोष्टी गृहीत धरून चालत नाही.

“राहू दे खोलीत.”

तिनं सुईपट्टी परत घेतली. बसण्याआधी जड चौकट एकटीनं ओढत फिरवली, चोचीची पाठ अजिंक्यताऱ्याकडे येईपर्यंत. आमच्याकडे दक्षिण ओळखायला किल्ला पुरतो. मग नारिंगी दोरा घेतला आणि टाका घातला.

पाळकसाहेब छत्री हातात धरून उभेच होते. “जरा हात चालव. मला संध्याकाळची गाडी गाठायचीय.”

“आवं, घाईनं वात वाकडी हुती,” ती मान वर न करता म्हणाली. “मग पुन्यांदा चिट्टी लावून धाडाल.”

साहेबांनी छत्री कोपऱ्यात टेकवली आणि बाक ओढून बसले.