फोटोत मुलं नाहीत

इंग्रिड शेफर यांना कुणी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" की त्या म्हणायच्या, "ऑफेनबाखची. काय करणार, कुणाला तरी असावंच लागतं." शेजारच्या ऑफेनबाखची टिंगल करणं हा फ्रँकफर्टकरांचा आवडता उद्योग, त्यामुळे विचारणारा हसायचा. पण पुढचा प्रश्न यायचाच: "तसं नव्हे, खऱ्या कुठल्या?" कारण बाई काळ्या. वडील युद्धानंतर इथे आलेल्या अमेरिकन पलटणीतले कृष्णवर्णीय सैनिक, आई इथलीच जर्मन. वडिलांची बदली झाली, आईला माहेरच्यांनी मुलीसकट घरात घेतलं नाही, आणि बाई अनाथाश्रमात वाढल्या. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या रिसेप्शनवर त्या बसत. सकाळी दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो डायरेक्टर असो की पाण्याच्या बाटल्या आणणारा, त्यांचं एकच फ्रँकफर्टी अभिवादन, "आय गूदे!"

मी त्यांची ऋणी झाले ती माझ्या मुलीमुळे. ईप्सिता तेव्हा दुसरीत होती. शाळेची रांग जोडीजोडीने हात धरून चालायची आणि तिच्या जोडीचा मुलगा तिचा हात धरेना. रंग लागेल म्हणे. त्या आठवड्यात ती आंघोळीला गेली की बाहेर येईना. मी दार उघडून पाहिलं, तर भांडी घासायच्या काथ्याने कोपर घासत बसलेली. नवरा, श्रीपाद, म्हणाला, "मुलं आहेत, विसरतील." सासूबाईंनी पुण्याहून फोनवर डाळीचं पीठ आणि साय सुचवली. आपल्याकडे काळी म्हणत नाहीत, सावळी म्हणतात. शब्द मऊ केला की रंग उजळतो अशी आपली समजूत. मला दोघांचाही असा राग आला होता की दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरताना "आय गूदे"ला उत्तर देण्याऐवजी मी रडले.

इंग्रिडबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फ्राउ अरुंधती, शनिवारी तिला आमच्याकडे घेऊन या."

त्यांच्याकडे म्हणजे त्यांच्या संस्थेत. काळ्या मुलांसाठी दर शनिवारी त्या आणि आणखी काही बाया एका चर्चच्या हॉलमध्ये शाळेसारखं काहीतरी चालवत. मी म्हटलं, "पण आम्ही आफ्रिकन नाही."

"त्या मुलाने हात धरायच्या आधी नकाशा पाहिला होता का?" त्या म्हणाल्या.

शनिवारी गेलो. घानाच्या, एरिट्रियाच्या, ऑफेनबाखच्याही आया होत्या. कुणी गणितं घेत होतं, कुणी केस विंचरून वेण्या घालत होतं, आणि वाचायला अशी पुस्तकं होती ज्यांतली मुलं या मुलांसारखी दिसत. ईप्सिता पहिल्या दिवशी माझ्या कोटाला धरून उभी होती. महिन्याभरात ती मला "आता तू जा" असं जर्मनमध्ये सांगू लागली. काथ्या पुन्हा भांड्यांकडे गेला. डॉक्टरने ताप उतरवला तर आपण आभार मानतो. हे तर त्याहून कितीतरी मोठं होतं, आणि बाई मात्र आभार मानू देत नसत.

मग चर्चने हॉल विकायला काढला. उन्हाळ्यानंतर शनिवारची मुलं रस्त्यावर येणार होती. फ्रँकफर्टमध्ये माणसाला खोली मिळत नाही, तिथे काळ्या मुलांच्या संस्थेला कोण देणार? आमच्या कंपनीचं कँटीन मात्र शनिवारी ओस पडलेलं असायचं. त्या वर्षी बऱ्याच कंपन्यांना वैविध्याचा, म्हणजे 'डायव्हर्सिटी'चा, पुळका आला होता, आमचीही त्यात होती. मी धीर करून आमच्या डायरेक्टरांकडे, हेर क्लिंगरांकडे गेले. क्लिंगर भला माणूस. त्यांनी कँटीन द्यायची तयारी दाखवली, हिटिंगचा खर्चही कंपनीचा. फक्त वर्षअखेरच्या मासिकासाठी मुलांसोबत एक फोटो हवा होता. ते स्वतः येऊन मुलांना रंगपेट्या वाटणार आणि त्याचा फोटो. मला यात काहीच गैर वाटलं नाही. मी आनंदाने होकार देऊन टाकला आणि बाईंना म्हटलं, "शनिवारी ते कँटीन दाखवायला बोलावतायत, मुलांना घेऊन या."

देणारा घरी आला की त्याचा सत्कार करायचा, हे मला शिकवावं लागत नाही. पाहुण्यांना द्यायला पुण्याहून आणलेली एक शाल कपाटात होती. नारळ भारतीय दुकानातून आणला. कँटीनच्या मधोमध एक खुर्ची मांडली. श्रीपाद म्हणाला, "अगं, जर्मन माणूस आहे, नारळाचं काय करेल?" मी म्हटलं, "ते त्याचं तो बघेल."

क्लिंगर आले, सोबत फोटोग्राफर आणि रंगपेट्यांचं खोकं. त्याने मुलांना कंपनीच्या नावाखाली उंचीप्रमाणे उभं करायला सुरुवात केली, तेवढ्यात इंग्रिडबाई पुढे आल्या.

"मुलांचा फोटो नाही," त्या म्हणाल्या.

क्लिंगर गोंधळले. "फ्राउ शेफर, आल्झो, म्हणजे, वरच्यांना काहीतरी दाखवावं लागेल. नाहीतर मला हे मंजूर करून घेता येणार नाही."

"मग आम्ही बागेत बसू." आणि खरंच त्यांनी मुलांना कोट घालायला सांगितले. बाहेर पाऊस होता. घानाची एक आई माझ्याकडे बघत होती. हातातोंडाशी आलेला घास जात होता आणि मला बाईंचा हट्ट कळत नव्हता.

काही सुचेना तेव्हा माणूस ठरवलेलंच करतो. मी क्लिंगरांना हात धरून खुर्चीवर बसवलं, खांद्यांवर शाल घातली, कपाळाला कुंकू लावलं आणि हातात नारळ दिला. मुलं कोट अर्धे घालून बघत राहिली, मग टाळ्या पिटू लागली. क्लिंगर लाजून लालबुंद झाले, आणि मोठ्याने हसले.

"हा घ्या," मी फोटोग्राफरला म्हटलं. "आमच्याकडे फोटो देणाऱ्याचाच काढतात."

त्याने इंग्रिडबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. क्लिंगर म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. वरच्यांना हाच पाठवू."

हाच फोटो मासिकात आला: डायरेक्टर शालीत, मांडीवर नारळ, मूल एकही नाही. त्या दिवशी जाताना त्यांनी कँटीनची किल्ली बाईंच्या हातात दिली आणि कुंकवासकट गाडीत बसले. पुढेही त्या माणसाने शब्द पाळला, एका शनिवारीही आम्हाला थंडीत बसवलं नाही. कंपन्यांबद्दल माझं मत काही फार चांगलं नाही, पण हे उपकार मी विसरणार नाही.

फोटोग्राफर गेल्यावर बाईंनी रंगपेट्यांचं खोकं उघडलं आणि स्वतः वाटप केलं. नंतर कप विसळताना मी विचारलं, "एवढ्यासाठी जागा घालवली असतीत?"

त्यांनी कप पुसत सांगितलं. अनाथाश्रमात नाताळला शहरातल्या मोठ्या घरच्या बायका यायच्या. रंगाने काळ्या मुलींना पुढे बसवून प्रत्येकीच्या हातात बाहुली द्यायच्या, फोटो काढायच्या. फोटो झाला की बाहुल्या गोळा करून पुढच्या आश्रमात न्यायच्या. "माझीला खरे केस होते," त्या म्हणाल्या. "तिचं नाव ठेवेपर्यंत माझ्याकडे होती."

मी नळ बंद केला.

तेवढ्यात ईप्सिता आली. कोट घातलेला, रंगपेटी छातीशी. तिने बाईंना जर्मनमध्ये विचारलं, "ही आता परत खोक्यात ठेवायची ना?"

इंग्रिडबाईंनी हातातला कप खाली ठेवला. त्यांनी पेटी तिच्याकडून घेतली, तिच्या पाठीवरच्या दप्तरात घातली आणि चेन शेवटपर्यंत ओढली.

"नाही," त्या म्हणाल्या. "ही तुझी."