सरलाबाईंनी अडवलेली सेमीफायनल

रनाळ्याच्या सरलाबाई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या, तेव्हा तीस वर्षं रकाने भरलेल्या हाताला काही काम उरलं नाही. नात भूमिका फुटबॉल खेळायची. तिच्यासोबत मोबाइलवर क्लब वर्ल्ड कप बघता बघता बाईंना सामन्यांपेक्षा तक्त्यांचंच वेड लागलं. बत्तीस क्लब, आठ गट, प्रत्येक गटातून दोन पुढे. कोणता क्लब खंडाचा विजेता म्हणून आला, कोणता चार वर्षांच्या क्रमवारीवर, हे त्या भाकरी थापताना घडाघडा सांगायच्या. नवरा नथ्थूभाऊ ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसायचे.

यंदा हिवाळ्यात नंदुरबारला मुलींची स्पर्धा भरली. पत्रकावर ठळक छापलं होतं : ‘नियम क्लब वर्ल्ड कपप्रमाणे.’ गटात खांडबारा सात गुणांवर पहिलं आलं. रनाळे आणि तळोदा, दोघांचे चार-चार. तळोद्याने प्रकाशा गावाच्या संघाला सहा गोल मारले होते, म्हणून संयोजक धर्मेंद्र यांनी माइकवरून गोलफरकावर सेमीफायनलसाठी तळोद्याचं नाव पुकारलं. भूमिका बूट सोडायला बसली.

सरलाबाई पदर खोचून मैदानात निघाल्या.

“बस खाले,” नथ्थूभाऊ दबक्या आवाजात म्हणाले. “लोक देखी ऱ्हायनात.”

“देखू द्या.”

टेबलापाशी जाऊन त्यांनी पत्रकावर बोट ठेवलं. “भाऊ, हाई तुमनंच कागद शे ना? मंग गोलफरक नंतर. गुण सारखे झाले की आधी त्या दोन संघांचा आपसातला सामना बघायचा. आम्ही तळोद्याला एक-शून्य हरवलंय.”

“काकू, तुमले कोनी सांगं?”

“कोणी कशाला सांगायला पाहिजे? वाचलं मी.”

धर्मेंद्र यांनी मोबाइल काढला. शोधलं, वाचलं, परत वाचलं. मग माइक जवळ घेऊन घसा खाकरला आणि रनाळ्याचं नाव पुकारलं. तळोद्याच्या प्रशिक्षक काजलताईंनी कपाळाला हात लावला, पण हसू त्यांनाही आवरेना. रनाळ्याच्या पोरी एकीवर एक कोसळल्या. बाईंना उचलायला गेल्या आणि सगळ्याच धुळीत बसल्या.

सेमीफायनल रनाळे चार-शून्यने हरलं. चौथा गोल झाला तेव्हाही सरलाबाई टाळ्या वाजवत होत्या. आपण सेमीफायनलला आहोत, यातच त्या तरंगत होत्या.

परतताना पिकअपमध्ये पोरी इतक्या गात होत्या की ड्रायव्हरला हॉर्न ऐकू येईना. बाई त्यांना एका देशाचे दोनच क्लब, हा नियम समजावत होत्या. कोणी ऐकत नव्हतं. एवढ्यात कोपऱ्यातून नथ्थूभाऊंनी मान पुढे काढली.

“मंग एकच देशना तीन क्लब खंडना विजेता व्हयनात त?”

बाई गर्रकन वळल्या. चेहरा असा फुलला, जणू लग्नानंतर नवऱ्याने पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

“तिघे जातात,” त्या म्हणाल्या, “सरका तिकडे, सांगते.”