लांबडीचा ब्रेक

मी पहिली मोटारसायकल घेतली तेव्हा आमच्या उरणच्या बाजूला 'क्रूझर' हा शब्द कुणालाच ठाऊक नव्हता, मलाही नाही. माझ्याकडे होतं ते मुंबईच्या फूटपाथवर मिळालेल्या जुन्या परदेशी मासिकाचं एक पान. त्यात एक माणूस आरामखुर्चीत रेलावं तसा गाडीवर रेलला होता. हँडल खांद्यापर्यंत उंच, पाय पार पुढे. ते पान मी दोन वर्षं पाकिटात बाळगलं, घडीवर ते फाटलं तरी फेकलं नाही. ऐंशी सालानंतर लगेचची ही गोष्ट. नव्या शहरासाठी आमची भातशेती गेली होती आणि त्या बदल्यात मला एका कारखान्यात नोकरी लागली होती. वय चोवीस, डोक्यात वारं. गाडी घ्यायची तर अशीच, हे ठरून गेलं होतं.

पनवेलच्या एका गॅरेजवाल्याकडे लष्कराच्या लिलावातली साडेतीनशे सीसीची जुनी गाडी आली होती. हिरवी, दणकट आणि माझ्या चित्राशी काडीचंही साम्य नसलेली. ती मी घेतली आणि चित्राबरहुकूम तिला बदलायला लागलो.

असल्या गाडीचे सुटे भाग कुठल्याही दुकानात मागितले की दुकानदार आधी माझ्याकडे बघायचा, मग हसायचा. मग मीच माझे रस्ते शोधले. रविवारी उरणच्या मोरा बंदरातून लाँच पकडून मुंबईला भाऊच्या धक्क्यावर उतरायचं आणि चालत दारूखान्याच्या भंगारबाजारात जायचं. तिथे फोडलेल्या जहाजांचं सामान ढिगांनी पडलेलं असे. तिथून मी हेडलाइटसाठी पितळेचा एक गोल डबा आणला. हँडल वाकवून दिलं कुर्ल्याच्या एका म्हाताऱ्या कारागिराने. तो लोखंडी पाइपाच्या खुर्च्या बनवायचा. चित्र बघून म्हणाला, "ये तो कुर्सी का हत्था है," आणि खरंच खुर्चीच्याच पाइपातून त्याने ते काढलं. त्यावर निकेल चढवून घेतलं. सीट पनवेलच्या टांग्याच्या गाद्या शिवणाऱ्याने शिवली. फूटरेस्ट मी स्वतः कापून फूटभर पुढे नेले. पायाच्या ब्रेकचं पॅडल मात्र जागच्या जागी राहिलं. ते पुढे आणायचं तर बरीच खटपट होती आणि मला घाई होती.

हँडल उंच झालं तशा सगळ्या केबली तोकड्या पडल्या. क्लच आणि अ‍ॅक्सिलेटरला दुसऱ्या गाड्यांच्या लांब केबली बसल्या. पुढच्या ब्रेकला काही केल्या मिळेना. तीन रविवार वाया गेले. शेवटी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये मी दोन केबलींच्या तारा एकमेकींत पिळल्या, वरून कथलाचा डाग दिला, कानसीने घासून गुळगुळीत केलं. जोड कुठे आहे हे बोटालाही कळत नव्हतं. मला माझाच केवढा अभिमान वाटला होता.

गाडी गावात आली तेव्हा पोरांनी तिचं नाव 'लांबडी' ठेवलं, पण सगळ्यात जास्त खूश झाला माझा बाप. बा म्हणायचो आम्ही त्याला. बा आयुष्यभर मिठागरात राबला, आणि जोडीला खाडीत मासे मारायला त्याची एक लहान होडी होती. लोखंड आणि खारं वारं यांचं वैर त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी कामावरून आलो की तो विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी पुसायचा. आमच्याकडे गोडं पाणी म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. ते पाणी तो गाडीला द्यायचा. मग होडीच्या फळ्यांना चोपडतात ते माशाचं तेल फडक्यावर घ्यायचा आणि हँडलपासून चाकाच्या तारांपर्यंत सगळं निकेल पुसून काढायचा. "खारा लागला का खल्लास रं बाला," असं म्हणत तासभर त्याचं ते चाललेलं असे.

त्या तेलाचा वास काय वर्णावा! उन्हात गाडी उभी केली की मांजरी जमायच्या. कारखान्याच्या गेटवर एकाने मला विचारलं, "काय रे, सायलेन्सरमध्ये सुकट भरलीस काय?" सगळे खो खो हसले. मी घरी येऊन बावर खेकसलो, "ही गाडी हाय, होडी नाय!" दुसऱ्या दिवशी त्याने तेल थोडं कमी लावलं, एवढंच. बंद काही केलं नाही. निकेल गंजू नये याची काळजी त्याला माझ्याहून जास्त होती.

पावसाळा संपून ऊन पडलं होतं. एका दुपारी पनवेलकडून येताना उतारावर समोर म्हशी आडव्या आल्या. मी पुढचा ब्रेक दाबला आणि लिव्हर मुठीत एकदम सैल पडलं. पाय ब्रेक शोधू लागला, पण पाय होता फूटभर पुढे आणि पॅडल मागे. गाडी खडीत घसरली. डावी तंगडी दोन ठिकाणी मोडली.

पनवेलच्या इस्पितळात शुद्धीवर आलो तर बा खाटेच्या पायाशी जमिनीवर बसला होता. मी डोळे उघडलेले बघताच तो रडायला लागला. त्याला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, "मीच तेल लावला रं चाकाला. बिरेकान गेला आसल. मना काय म्हाईत..."

इथे मी थांबतो, कारण जे काही झालं ते इथेच झालं. लिव्हर सैल पडलं होतं हे मला पक्कं आठवत होतं. तेलाने ब्रेक निसटला असता तर लिव्हर हाताला घट्ट लागलं असतं. ते सैल पडलं म्हणजे केबल तुटली, आणि तुटली तर माझ्याच जोडावर. हे समजायला मेकॅनिक असावं लागत नाही. पण पायातून कळा येत होत्या, आई बाजूला हुंदके देत होती, आणि माझं गुळगुळीत घासलेलं काम फसलं हे कबूल करायची माझी तयारी नव्हती. मी म्हणालो, "हो. तुजा तेलच."

चार महिन्यांनी प्लॅस्टर निघालं. काठी टेकत मी पडवीत उभ्या केलेल्या गाडीपाशी गेलो आणि ब्रेकची केबल ओढून काढली. ती जोडावरच तुटली होती. चाक उघडलं, आत तेलाचा थेंबही नव्हता. बा इतका वेंधळा नव्हताच. होडीची कुठली फळी तेल मागते आणि कुठली नाही, हे ओळखणारा माणूस तो. मी केबलीचे दोन्ही तुकडे खिशात घातले, लंगडत खाडीपर्यंत गेलो आणि पाण्यात फेकून दिले. का फेकले? कुणी बघू नये म्हणून. लाज वाटते सांगायला, पण दुसरं कारण नव्हतं.

तोवर बा पार बदलला होता. गाडीला हात लावेना. गाडीचं सोडा, होडीला तेल लावायचं कामही त्याने चुलतभावावर सोपवलं. मी अंगणातून लंगडत गेलो की तो मान फिरवायचा. कुणी आलं-गेलं तर आपणहून सांगायचा, "माज्या हातानं पोराचा पाय गेला." मी ते आतल्या खोलीत बसून ऐकायचो. आज सांगू, उद्या सांगू, शिमग्याला सांगू, असं करत दोन वर्षं काढली. मधल्या काळात गाडी विकून टाकली. घेणाऱ्याने हँडल पहिल्यासारखं करून घेतलं.

शेवटी एका संध्याकाळी सांगितलं. बा ओटीवर जाळं विणत होता. मी त्याच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. जोड, डाग, सैल पडलेलं लिव्हर, खाडीत फेकलेले तुकडे, सगळं. बाने जाळं बाजूला ठेवलं, माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"गुनाचा हायस रं बाला," तो म्हणाला. "मना बरा वाटाला पायजे म्हनून सांगतस."

"नाय बा, खरंच सांगतो."

"मंग दाव ती केबल."

काय दाखवणार होतो? मी चिडलो, ओरडलो, शपथा घेतल्या. जितका ओरडलो तितका तो मायेने हसत राहिला. त्या दिवसापासून तो लोकांना आणखी एक गोष्ट सांगायला लागला. पोरगा किती मोठ्या मनाचा आहे बघा, बापाचा दोष स्वतःच्या अंगावर घेतो.

पुढच्या वर्षी कावीळ होऊन बा गेला. बाराव्याला भाऊबंद अंगणात बसले होते. त्याच्या आठवणी निघाल्या. त्याची होडी, त्याचा हात, त्याचं कमी बोलणं. मग आईने माझ्या पायाचा विषय काढला. म्हणाली, तेलाची चूक त्याला मरेपर्यंत खात होती, पण पोराने एका शब्दाने दूषण दिलं नाही. इस्पितळात ती माझ्या उशाशीच होती. माझा तो 'हो' तिने ऐकला होता, आणि कधीच पोटात घालून टाकला होता.

मी उभा राहिलो. म्हणालो, "बाची काय पन चूक नव्हती. ब्रेक माझ्या हातानं गेला."

आईने पदराने डोळे पुसले आणि माझा हात धरून मला खाली बसवलं. "पुरे आता," ती म्हणाली. "गेलेल्या मानसाला आनकी कवरा सांभालशील?"

अंगणातले सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते.