राजसबाईंचे चार उकडलेले बटाटे

बटाटा उकडलेला आहे की कच्चा, हे बोट लावून तुम्हाला कळतं का? कळतं ना? मग तिरुवल्लिकेणीतल्या एका शाळेत एम.एस्सी. झालेल्या दोन माणसांना ते का कळलं नाही, तेवढं मला सांगा.

राजसबाईंना कळलं. शिक्षण आठवी. घरी तंजावरकडची जुनी मराठी, दाराबाहेर तमिळ. एकोणिसाव्या वर्षी त्या शाळेत झाडू मारायला आल्या आणि जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतली फरशी पुसता पुसता कान उघडे ठेवून शिकल्या. सव्वीस वर्षं झाली. हुद्दा अटेंडर, तोही कंत्राटी.

बटाट्याचा प्रयोग म्हणजे त्यांचा हातखंडा. बटाटा सोलायचा, बूड सपाट कापायचं, वरून वाटीसारखा कोरायचा. त्यात साखरेचं दाट पाणी, पातळीवर खुणेला टाचणी, आणि बटाटा साध्या पाण्यात उभा. तासाभरात वाटीतली पातळी टाचणीच्या वर. पोरं डोळे मोठे करून बघत, तेव्हा राजसबाई सांगत, "बटाट्यात लाखो खोल्या आहेत. दर खोलीला पातळ कातडं. ते पाण्याला सोडतं, साखरेला अडवतं. म्हणून साखर जागची हलत नाही आणि बाहेरचं पाणी तिच्याकडे येतं. पंप नाही, मोटर नाही."

मग दुसरा बटाटा. उकडलेला. "हा मेला. कातडी फाटली. आता साखरही बाहेर पळते. कोण कोणाला अडवणार?" त्याची पातळी चढत नाही. हा दुसरा शेजारी नसेल तर पहिल्यातून पोरांना काय कळणार, असं बाईंचं ठाम मत. सहा वर्षांपूर्वी शाळेनं वेळ वाचवायला दुसरा बटाटा बंद केला. राजसबाईंनी केला नाही. दर परीक्षेला चार बटाटे कोरून, आकार राहील इतपत उकडून, त्या वेगळ्या स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवायच्या. कोणी विचारलं तर दाखवायला. सहा वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं.

यंदाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले, शेषाद्री सर. आल्याआल्या त्यांना कॉफी आणि बज्जी हवी झाली. बज्जी आणायला कोणाला धाडायचं? अर्थात प्रयोगशाळा जिच्या जिवावर चालते त्या बाईला. राजसबाई कोपऱ्यावरच्या गाडीपाशी गर्दीत पाऊण तास अडकल्या, तेवढ्यात इकडे बटाटे कमी पडले. जीवशास्त्र शिकवणाऱ्या शैला मिस, नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे नागपूरहून इकडे आलेल्या, त्यांनी घाईत स्टीलच्या ट्रेमधले चार उचलले आणि शेवटच्या टेबलावर देऊन मोकळ्या झाल्या.

प्रयोगाला तास लागतो. पंचवीस मिनिटांत उत्तरपत्रिका गोळा. थांबायचं कशाला? आकडा आठवड्यापूर्वीच फळ्यावर लिहून दिलेला होता: पातळी बारा मिलिमीटर वाढली. अख्ख्या वर्गानं बारा लिहिलं. मेलेल्या बटाट्यांपुढे बसलेल्या तिघांनीही बारा लिहिलं. चौथी लावण्या. तिनं लिहिलं, 'पातळी वाढली नाही, थोडी उतरली.'

शेषाद्रींनी तिच्या निरीक्षणाला दहापैकी शून्य दिलं. दहा गेले की पोरगी प्रात्यक्षिकात नापास.

राजसबाई बज्जी घेऊन आल्या, तर ती जिन्यात रडत बसलेली. "अक्का, मला दिसलं तेच लिहिलं," ती म्हणाली.

बाई आत गेल्या. शेवटच्या टेबलावरचा बटाटा उचलून अंगठ्यानं दाबला. लगदा.

"मिस, हा कुठला?"

"त्या ट्रेमधला. कमी पडले होते."

"उकडलेला आहे. तुमच्या घरी भाजी कोण करतं?"

"राजसबाई, सरांसमोर असं बोलायचं नाही."

"सरांसमोरच बोलायचं आहे." त्यांनी तो बटाटा शेषाद्रींच्या बज्जीच्या बशीत ठेवला आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "खाऊन बघा सर. मीठ नाही तेवढं."

शेषाद्रींनी बोट लावलं. बोट आत गेलं. "म्हणजे या मुलीचं बरोबर आहे," ते म्हणाले, "मग बाकीच्या तिघांना बारा..." आणि तिथंच थांबले. पुढचं वाक्य बोलले असते तर सगळा वर्गच बाद करावा लागला असता, हे त्यांना कळलं होतं. माणूस मूर्ख नव्हता, आणि माझा संताप त्याचाच आहे. त्यांनी शून्य खोडून दहा लिहिले. "झालं ना? संपला विषय."

"संपला कसा? त्या तिघांनी बघितलंच नाही. बाकीच्यांनीही नाही. सगळ्यांना परत करू द्या. बटाटे मी आणते. तुम्ही फक्त तासभर बसा."

"बाई, आमची गाडी खाली उभी आहे."

संध्याकाळी ऑफिसात कागद तयार होता: कामात निष्काळजीपणा, परीक्षेच्या वेळी सदोष साहित्य ठेवले. सही करा. राजसबाईंनी खाली तमिळमध्ये स्वतःच्या हातानं लिहिलं, 'बटाटे मी उकडले. मुद्दाम, मुलांना शिकवायला. बाराचा आकडा मी दिला नाही.' मग सही केली. सोमवारपासून येऊ नका, असं त्यांना तिथंच सांगितलं गेलं. शैला मिस फाटकात भेटल्या, म्हणाल्या, "माझीही नोकरी आहे हो." राजसबाई म्हणाल्या, "सेरी, ठीक आहे मिस. सांभाळा." आणि चालू लागल्या.

लावण्या पास झाली. ती तिन्ही पोरंही झाली, पूर्ण गुण घेऊन. उद्या त्यातलंच कोणी डॉक्टर होईल, तुमच्या आईच्या हाताला सलाईन लावेल, आणि पेशीतलं पाणी कुठून कुठं जातं हे त्यानं आयुष्यात एकदाही बघितलेलं नसेल. ते बघा म्हणणारी बाई आज एका मॅन्शनच्या, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजच्या, खानावळीत भाजी चिरते. आणि तुम्ही फी भरता.

तेव्हा एक करा. आज घरी तुमच्या मुलाची प्रयोगवही उघडा. शेजारच्या मुलाचीही मागवा. दोघांचे आकडे शेवटच्या मिलिमीटरपर्यंत सारखे निघाले, तर दोन्ही वह्या घेऊन शाळेत जा आणि तो प्रयोग मुलांकडून तुमच्या डोळ्यांदेखत करून मागा.