अनंत मेस्त्रीच्या पाटीवरचा विजय

पाटीवर ‘विजयी’ असा एक शब्द होता आणि बळवंत पालवचं भांडण त्या एकाच शब्दाशी होतं. बाकीचा मजकूरही धड नव्हता, पण माणसानं एका वेळी एकच शत्रू धरावा, असं त्याला फौजेत शिकवलं होतं. फौजेनं स्वतः ते पाळलं नाही, ही गोष्ट वेगळी.

घाटकोपरच्या भटवाडीत जिथं कोकणातल्या माणसांची चाळ होती, तिथं आता टॉवर आहे. टॉवरच्या दाराशी बिल्डरनं नकाशात बाग दाखवली होती. प्रत्यक्षात दोन बाकडी, एक तुळस आणि बाकी लादी. या लादीला अनंत मेस्त्रीचं नाव द्यायचं सोसायटीनं ठरवलं. अनंत याच चाळीतला. लंकेत शांतिसेनेबरोबर गेला आणि परत आला नाही. बळवंत त्याच्याबरोबर गेला होता आणि परत आला. काळ्या ग्रॅनाइटवर कोरून आलं: ‘शहीद अनंत सखाराम मेस्त्री. लंकेच्या विजयी मोहिमेत शत्रूचा खात्मा करताना वीरमरण.’

बळवंत ते वाचून तसाच सोसायटीच्या ऑफिसात शिरला. सेक्रेटरी चंद्रप्रकाश तावडे फ्लेक्सवरच्या स्वतःच्या फोटोचा आकार ठरवत होता. त्याचा मॉड्युलर किचनचा धंदा होता आणि युद्धशास्त्राचा अभ्यास फोनवर झालेला होता.

“चंदू, हे काय लिहिलंयस?”

“काय झालं काका? शुद्धलेखन दोघांकडून तपासून घेतलंय.”

“अरे, आपण हरलो तिथं.”

चंद्रप्रकाशनं उठून आधी दार लावलं. “हळू बोला ना! हरलो काय? एवढी मोठी आपली आर्मी, रणगाडे, हेलिकॉप्टर. आणि समोर कोण, तर लुंगीवाली पोरं. हरणार कसे?”

“तेच तर. कसे हरलो ते विचार की. कोणी विचारतच नाही.”

“काका यार, पाटीवर कोण लिहितं हरलो म्हणून?”

“मग नको लिहू. नुसतं ‘लंकेत गेला’ लिही.”

“गेला म्हणजे? दुबईला गेला तसा?” चंद्रप्रकाशला आपला विनोद आवडला. मग त्यानं आवाज उतरवला. “हे बघा, ग्रॅनाइट कोरून झालाय. पाहुण्यांची वेळ घेतलीय. तुम्हाला पटत नसेल तर पाटी कॅन्सल करू. तिथं पार्किंगच्या नियमांचा बोर्ड लावायचाच आहे, तो कधीचा पेंडिंग आहे.”

धमकी बरोबर जागी लागली. कारण अनंतला मागे एकच माणूस होतं. त्याची थोरली बहीण नलिनी. आई लवकर गेली, तेव्हा हिनं त्याला वाढवलं, आणि तो गेल्यावर इतकी वर्षं त्याचं नाव कुठंतरी लागावं म्हणून जिथं तिथं विनवण्या केल्या. आता ते लागत होतं. बळवंत तिच्याकडे गेला तेव्हा ती जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती.

“बाय, खोटा लिवल्यानी हत,” तो म्हणाला. घराबाहेर तो शहरातली मराठी बोलायचा, तिच्याशी मालवणी.

“माका म्हायत आसा. तू रजेर इलंस तेवाच सगळा सांगलं होतंस.” तिनं मान वर केली नाही. “पण लोकांका त्याचा नावच ठावक नाय रे. आधी नाव लागांदे.”

“आणि ता ‘विजयी’?”

“माका आता दिसता कितीसा? तू वाचू नको म्हणजे झाला.”

बळवंत घरी आला आणि त्यानं आपला राग टीव्हीवर काढला. ही त्याची जुनी सवय. संध्याकाळी पडद्यावरच्या खिडक्यांत चार माणसं बसून कुठल्या ना कुठल्या देशावर हल्ला करत असतात. त्यांच्यातल्या कोणी ‘आठवड्यात संपवून टाकू’ म्हटलं, की बळवंत उठून उभा राहायचा. एकदा रिमोट फेकल्यापासून त्याची बायको वनमाला बातम्यांच्या वेळी तो पदराखाली घेऊन बसायची.

त्याचा राग समजून घ्यायचा तर लंकेतला एक रस्ता समजून घ्यायला हवा.

गिरण्यांच्या संपात दोघांच्याही बापांची नोकरी गेली आणि घरात खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून दोघं भरती झाले. काही वर्षांनी लंकेत उतरले, तेव्हा अनंत खूश होता. माड, फणस, परसात विहीर, दारात रांगोळी. “बळवंता, सरकारान आपल्याक गावाक धाडल्यान रे!” तिथल्या तमिळ लोकांनी गळ्यात हार घातले. थोड्याच दिवसांत हुकूम फिरला, आणि ज्यांच्या रक्षणासाठी गेले होते त्यांच्याच पोरांशी लढाई सुरू झाली. हुकूम काढणारे दिल्लीत होते. दिल्लीत पायाखाली सुरुंग नसतात.

मग झडत्या. एका घरात बंदूक असल्याची खबर यायची आणि अख्ख्या आळीची दारं लाथेनं उघडली जायची. बंदूक मिळाली तर वर कळवायचे, एक मिळाली. त्या संध्याकाळी आळीतली किती पोरं रानात निघून गेली, ते कळवायची पद्धत नव्हती. फौज जेवढी जास्त लढायची तेवढा शत्रू वाढायचा, आणि शत्रू वाढला म्हणून आणखी फौज यायची. ज्या माणसाला हे गणित कळलं नाही त्याला बढती मिळाली, असं बळवंतचं मत आहे. ते खरं असेलच असं नाही, पण त्यानं ते कधी बदललं नाही.

सायकलवरून पोरं जायची. त्यातला कोण शिकायला चाललाय आणि कोण मारायला, हे फौजेला कळायचं नाही. पोरांना मात्र फौजेतल्या कोणाची दाढ दुखतेय तेही ठाऊक असायचं. फौजेकडे नकाशे होते, पण कुठल्या विहिरीचं पाणी गोड ते नकाशात नव्हतं. आणि फौजेतला प्रत्येक जण रजेची वाट बघत होता. समोरच्यांना रजा नव्हती. ते घरीच होते.

छावणीचा पाव रोज सकाळी एकाच रस्त्यानं यायचा. एका सकाळी शाळेची पोरं तो रस्ता सोडून शेतातून, चिखलातून गेली. बळवंतनं पाहिलं. हवालदाराला सांगितलं. हवालदारानं वर सांगितलं. वरून उत्तर आलं, पाव वेळेवर यायला हवा. रस्त्यातल्या मोरीखाली सुरुंग होता. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. अनंत पावाच्या ट्रकवर होता.

परत आल्यावर चाळीत पहिला प्रश्न आला: लंकेहून सोनं आणलंस काय? बळवंतला तो विनोद आजतागायत कळलेला नाही.

रविवारी सकाळी लादीवर मांडव पडला. पाटीवर भगवा पडदा, त्याला दोरी, दोरीशेजारी खुर्ची, खुर्चीत नलिनी. प्रमुख पाहुणे आले. त्यांनी देशाच्या सामर्थ्यावर भाषण केलं आणि अनंतचं नाव दोनदा आनंद असं घेतलं. मग गाऱ्हाणं. कोकणातल्या माणसाचं कुठलंही शुभकार्य गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एकानं देवाला मोठ्यानं सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साक्ष द्यायची. चाळीत गाऱ्हाणं घालायचा मान पालवांचा. टॉवर झाल्यावर लिफ्ट आली, मान गेला नाही.

बळवंत पाटीसमोर नारळ घेऊन उभा राहिला. नेहमीचं चार ओळींचं गाऱ्हाणं घालून मोकळं व्हायचं, असं त्यानं वनमालाला कबूल केलं होतं.

“बा देवा रामेश्वरा, तुझी लेकरा आज हंय जमलेली आसत!”

“व्हय म्हाराजा!”

“चाळीचो टॉवर झालो, तरी आमका तुझो इसर पडूक नाय!”

“व्हय म्हाराजा!”

“तुझो अनंत सखाराम मेस्त्री लंकेक गेललो!” इथं नारळ ठेवून थांबायचं होतं. पण पाहुणे शेजारच्याला हळूच विचारत होते, आनंदच ना? बळवंतनं ते ऐकलं. “सरकारान सांगल्यान, शांती करा. म्हणान आम्ही बंदुको घेवन शांती करूक गेलव!”

“व्हय म्हाराजा!” मागून कोणीतरी हसलं.

“थंयच्या लोकांनी आमका हार घातल्यानी. मगे आम्ही त्यांच्या दारांका लाथो घातलव!”

“व्हय म्हाराजा!”

“आमच्याकडे तोफो होते. त्यांच्याकडे अख्खो गाव होतो!”

“व्हय म्हाराजा!”

“रस्त्याखाली सुरुंग आसा, ह्या शेंबड्या पोराकय ठावक होता. आमका कोण सांगूक नाय. कित्याक सांगतीत? दारा कोणी मोडलली?” यावर व्हय म्हणावं की नाही, लोकांना कळेना. बळवंतचा आवाज आता देवाशी बोलण्याचा राहिला नव्हता. “पाव वेळेर येवक व्हयो म्हणान माणूस मारलो, म्हाराजा! आम्ही हरलव! हरान इलव!”

मग खुर्चीतून नलिनीचा एकटा, कोरडा आवाज आला. “व्हय म्हाराजा.”

आणि एकानं म्हटलं की बाकीच्यांनी म्हणायचं, ही सवय जन्माची. सगळा मांडव ओरडला, “व्हय म्हाराजा!”

“जो कोण जिकलव म्हणान अनंताक परत मारता, तेका बुद्धी दी!”

“व्हय म्हाराजा!” यात चंद्रप्रकाशचा आवाज सगळ्यात मोठा होता. तोंड मिटल्यावर त्याच्या लक्षात आलं.

“चला चला, अनावरण,” तो घाईनं म्हणाला. “आजी, दोरी ओढा.”

नलिनीनं हात मांडीवर ठेवले. “आधी ता ‘विजयी’ काढ.”

“आजी, दगड आहे तो! आता कसं काढणार?”

“सगळ्यांनी देवाक व्हय म्हटल्यानी. तूय म्हटलंस. देवासमोर एक आणि दगडार एक? ता तू बघ कसा काढूचा. मी हंय बसलंय.”

“मग मी ओढतो.”

तो पुढे झाला, तशी वनमाला उठून नलिनीच्या खुर्चीला टेकून उभी राहिली. मग चाळीतल्या दोन म्हाताऱ्या आल्या, आणि त्या खाली लादीवरच बसल्या, दोरीच्या बरोबर खाली. पाहुण्यांना पुढं मुलुंडला एक उद्घाटन होतं. नलिनीला कुठंच जायचं नव्हतं. चंद्रप्रकाशनं विनवलं, मग चिडला, मग सोसायटीचे नियम सांगितले, मग परत विनवलं. पाहुणे गाडीत बसले. चहा निवला. बटाटेवडे तेवढे संपले.

शेवटी कुठल्याशा मजल्यावर लादीचं काम करणारा कारागीर ग्राइंडर घेऊन खाली आला. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. “क्या निकालना है, उंगली रखके बताओ,” तो म्हणाला.

पडदा वर धरला. बळवंतनं ‘विजयी’वर बोट ठेवलं. करकरत धूळ उडाली, चंद्रप्रकाशचा नवा कुर्ता पांढरा झाला. शब्द गेला, पण बळवंतचं बोट काही थांबेना. ते ‘शत्रूचा खात्मा करताना’वर सरकलं. “हा पण. खात्मा कसला? पाव आणायला गेला होता तो!” तेही गेलं. बोट ‘वीरमरण’वर आलं.

“ता ऱ्हवांदे,” नलिनी म्हणाली.

“बाय, ताय खोटाच! पावाच्या ट्रकार बसलेलो माणूस...”

“बळवंता. ऱ्हवांदे म्हटलंय.”

त्यानं बोट काढलं. नलिनीनं दोरी ओढली.

पाटीवर आता नाव आहे, मधे दोन ओबडधोबड खड्डे आहेत, शेवटी वीरमरण आहे. नवीन भाडेकरू विचारतात, दगड खराब लागला का?

त्या संध्याकाळी चंद्रप्रकाशनं सोसायटीच्या ग्रुपवर पाटीचा फोटो टाकला. कोरणाऱ्याच्या दुकानातच काढलेला, कोरल्या कोरल्या, ‘विजयी’सकट अख्खा. खाली झेंडे आणि जोडलेले हात रांगेनं येऊ लागले. सकाळी मांडवात व्हय म्हटलेल्यांचेच.

वनमालानं तो बळवंतला दाखवला आणि लगेच फोन मागे घेतला. “फेकू नको. माझो आसा.”

“बघ गो,” तो म्हणाला, “हंय अजून जिकतत.” आणि काहीच हाताशी नव्हतं म्हणून त्यानं उशी भिंतीवर आपटली.