अप्पा, आता तुम्ही सही करा

दुपारचा आमटी-भात अंगावर आलाय आणि डोकं अजून तापलेलंच आहे. अशा वेळी झोप येऊ नये, पण येते. पुढच्या खोलीत फरशीवर शिरीषदादाच्या वरच्या मजल्याचा प्लॅन पसरलाय आणि त्याच्या कडेलाच मी आडवी झालेय. आत वहिनीचा मिक्सर चालू आहे. मग तो लांब जातो, पंख्याचा आवाजही लांब जातो, आणि माझ्या उशाशी कुणीतरी येऊन बसतं.

"ही भिंत जाड झालीय गं," अप्पा म्हणतात. "पेन्सिल कसली वापरलीस?"

अप्पा म्हणजे माझे वडील. जाऊन दोन वर्षं होतील त्यांना. कऱ्हाडच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. सरळ रेघ मारायला मी त्यांच्याच मांडीवर बसून शिकले. आत्ता तोच पांढरा बुशशर्ट घालून बसलेत, खिशाला पेन लावलेलं नाही एवढंच. खरं तर मला रडू यायला हवं. येतो तो राग.

"कॉम्प्युटरवर काढलंय ते," मी म्हणते. "आणि बाहेरची भिंत जाडच असते."

"चिडलीस होय?"

"हो, चिडलेय. तुमच्यावरच चिडलेय."

का, ते सांगते. नेदरलँड्समधल्या एका कॉलेजात मला आर्किटेक्चरच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. अर्धी फी त्यांनी माफ केलीय. उरलेली फी आणि तिथं राहण्याजेवण्याचे पैसे हाताशी आहेत असं दाखवल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. परदेशातून आलेल्या पोरीला तिथली बँक दारात उभं करत नाही, आणि इथली बँक म्हणते, तारण काय देणार? तारण म्हणजे घर. हे घर अप्पांच्या नावावर होतं. आई आधीच गेलेली, म्हणजे निम्मं दादाचं, निम्मं माझं. पण अप्पांचं तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात मी निबंधकाच्या कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही करून आले. आमच्याकडे बहिणी करतातच. जी करत नाही तिला माहेर राहत नाही. दादानं पैठणी घेतली, हॉटेलात जेवू घातलं, आणि सगळे म्हणाले, पोरगी गुणाची हो. आता दादाला त्याच घरावर वरच्या मजल्यासाठी कर्ज काढायचंय. एका घरावर दोन कर्जं कशी बसवू, असं मलाच विचारतो. आणि त्या मजल्याचा प्लॅन काढतंय कोण? मी. फुकट.

"शिरीष देईल गं," अप्पा म्हणतात. "मन मोठं आहे त्याचं."

"डोंबल मोठं! आणि मला मागायला का लागावं? माझंच होतं ना ते?"

अप्पा उठतात आणि सरळ प्लॅनवर पाय देतात. अहो कागद, असं मी ओरडणार तोवर आम्ही दोघंही त्या मजल्यावर उभे असतो. अजून एक वीट लागलेली नाही, तरी पायाखाली गार फरशी आहे. भिंती पांढऱ्या, कागदासारख्या, आणि कोपऱ्यांना माझे आकडे चिकटलेले. अप्पा एकेका दारातून डोकावतात. शाळेत वर्गातून फिरायचे तसेच, हात मागे बांधून.

"ही शिरीषची. ही पोरांची. हे देवघर, छान, उजेड चांगला घेतलायस. तुझी खोली कुठली?"

"पाहुण्यांची म्हणून लिहिलंय ना, ती."

"पाहुण्यांची का?"

तळपायाची आग मस्तकात जाते. "का म्हणून मला विचारता? तुम्ही विचारता? दवाखान्यात नाकात नळी होती, बोलवत नव्हतं, तरी माझा हात धरून काय म्हणालात? वैजू, सही करून टाक बाळा, शिरीषला त्रास नको. दादाला त्रास नको! मला झालेला चालणार होता?"

"मला वाटलं, तुझं लग्न होईल. तुझं घर तुला मिळेल."

"नवऱ्याचं घर मिळेल. हे दादाचं, ते नवऱ्याचं, त्याआधी हे तुमचं. घरं काढायला शिकवलंत मला, अप्पा, आख्ख्या शाळेला दाखवत फिरायचात माझी चित्रं. आणि घर द्यायची वेळ आली तेव्हा तोंडाला पानं पुसलीत."

माझा आवाज त्या रिकाम्या मजल्यावर घुमतो. अप्पांचा चेहरा पडतो. मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटल्याचाच परत राग येतो. जिवंतपणीही असंच व्हायचं. त्यांचा चेहरा पडला की मी गप्प.

"चूक झाली माझी," ते म्हणतात. "पण आता काय करू मी? मेलोय गं मी."

"म्हणून सुटलात होय?"

मी पाहुण्यांच्या खोलीचं दार ढकलते. आत निबंधकाची कचेरी आहे. तीच लाकडी बाकडी, तोच फिनेलचा वास, पण टेबलाच्या जागी आमच्या स्वयंपाकघराचा ओटा आणि ओट्यापलीकडे कारकून बसलेला. तो मान वर करत नाही.

"मयत हजर आहेत का?"

"हजर," अप्पा म्हणतात आणि वर्गातल्या पोरासारखा हात वर करतात.

"काय सोडायचंय?"

अप्पा माझ्याकडे बघतात. मला आधी ठाऊक नसतं, बोलायला लागल्यावर कळतं.

"यांचा माझ्यावरचा हक्क," मी म्हणते. "अप्पांना काय वाटेल, हा जो यांचा हक्क आहे ना, तो. मला गुणाची म्हणायचा. माझ्या वाट्याचं परस्पर दुसऱ्याला द्यायचा. सगळा."

"मोबदला?"

"पैठणी आहे कपाटात. घडीसुद्धा मोडलेली नाही. घेऊन जा म्हणावं."

"वैजू!" अप्पा कळवळतात. "असं कुणी बापाला म्हणतं का गं?"

"बापाला नाही म्हणत, म्हणूनच तर सही केली! करा आता तुम्ही. मी दोन मिनिटांत केली होती. वाचूनसुद्धा बघितलं नव्हतं."

ते खिसा चाचपतात. पेन नाही. कारकून शाईचं पॅड पुढं सरकवतो, जांभळ्या शाईनं डबडबलेलं. अप्पा अंगठा बुडवतात आणि कागद शोधायला लागतात. ओट्यावर कागद नाही, डबे आहेत. मी बाही वर करून मनगट पुढं करते.

"इथं उठवा."

अंगठा टेकतो. गार लागतो. मला वाटतं, झालं, पण ते उचलत नाहीत. माझं मनगट पकडून उभेच राहतात, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पुसायला हात मोकळा नाही. कचेरी नाही, कारकून नाही, नुसता दवाखान्याच्या पलंगाचा लोखंडी कठडा मध्ये.

"तिकडं थंडी फार असते म्हणतात," ते म्हणतात. "नीट राहा."

"सोडा, अप्पा."

"जेवणाची आबाळ करू नकोस."

"अप्पा, सोडा म्हणतेय ना! सोडा!"

"अगं ए, ओरडतेस काय?"

दारात दादा उभा आहे. बाहेर उन्हं कलली आहेत. गालाला प्लॅनचा कागद चिकटलाय.

"स्वप्न पडलं का काय?" दादा म्हणतो. "झाला का प्लॅन? उद्या नगरपालिकेत द्यायचाय. तुझी तेवढी सही करून ठेव, लायसन नंबर टाकून."

मी उठून बसते. पेन तिथंच पडलंय. हात सवयीनं त्याच्याकडे जातो आणि मी तो मागे घेते.

"सही नाही करणार," मी म्हणते.

"म्हणजे?"

"म्हणजे आधी तू माझ्याबरोबर बँकेत यायचं. घर माझ्या कर्जाला तारण ठेवायचं, तिथं सही करायची. मग मी ह्याच्यावर करते. नसेल जमत तर दुसरा आर्किटेक्ट बघ आणि त्याची फी दे. माझ्या काढलेल्या रेघा मात्र वापरायच्या नाहीत."

दादा दारातून आत येतो. मग आवाज खाली आणतो. घरात कुणाला गप्प करायचं असलं की आणतो तसाच.

"अप्पा असते तर त्यांना काय वाटलं असतं, वैजू?"

मी बाही वर करून मनगट त्याच्यापुढं धरते. मनगटावर जांभळा अंगठा उमटलाय, माझ्या अंगठ्यापेक्षा चांगला रुंद. दादा वाकून बघतो, माझ्याकडे बघतो, परत मनगटाकडे बघतो. मग बोट पुढं करून त्यावरून फिरवतो.

शाई अजून ओली आहे. ती त्याच्या बोटाला लागते.